साडेसात डोकी

माणूस साडेसात डोक्यांचा असतो,
निरगुडे सर पहिल्याच दिवशी म्हणाले
आणि फळ्यावर आडव्या रेघा ओढत गेले.
घरी येऊन मी आईला दारात उभं केलं,
पेन्सिल धरून, एक डोळा मिटून मोजलं:
सहा भरली, जेमतेम.
“अंबाडा धरून की सोडून?” तिनं विचारलं.

वर्गाच्या कोपऱ्यात खिळ्याला टांगलेला सापळा,
कवटीवर कुणाची तरी विसरलेली टोपी.
दोन महिने आम्ही त्यालाच काढलं.
बरगड्या मोजताना मी दर वेळी चुकायचे,
कधी अकरा, कधी तेरा.
खांद्याचं पातं कळेना तेव्हा
हात मागे वळवून माझंच चाचपायचे,
सीबीएसला बसची वाट बघताना,
खाज सुटल्यासारखं दाखवत.

मग सुकदेव आला.
पंचवटीच्या मार्केट यार्डातला हमाल,
दोन तास, तीनशे रुपये.
चौरंगावर उभा राहिला आणि दहाव्या मिनिटाला म्हणाला,
“कोबीची गोणी परवडली,
हे नुसतं उभं राहणं नको.”
त्याच्या मानेखाली उजवीकडे
मुठीएवढी गाठ.
पुस्तकात नव्हती. मी वगळली.
डावा खांदा तसाच उजवा केला, सुबक.
सर मागे येऊन थांबले.
“हा कोण? ह्याचा चुलतभाऊ?”

रविवारी सगळे गोदाघाटावर.
तिथे कुणी आपल्यासाठी थांबत नाही,
ओली माणसं तीन रेघांत पकडायची,
चौथ्या रेघेला ती कोरडी होऊन निघून जातात.
रामकुंडाच्या पायरीवर एकजण
लाल फडक्याची गाठ सोडत बसला होता.
दातांनी सोडत होता, बोटांना जमत नव्हतं.
फडकं उघडलं,
आणि आतल्या एका तुकड्याकडे बघून
माझ्या ओठांवर नाव आलं.
मनगटातलं, लहानसं, होडीच्या आकाराचं.
बहुतेक.
मी वही मिटली.
पेन्सिल आतच राहिली, टोक पानात रुतून.

दादांचा हात काढला तो दिवाळीनंतर.
रात्रपाळी करून सातपूरहून आले
आणि खुर्चीतच झोपले,
उजवा हात मांडीवर पालथा.
इतकं स्थिर मॉडेल मला कधी मिळालं नव्हतं.
मी काढत गेले,
आधी हाड, मग मांस, मग कातडी,
नखांतलं ग्रीस,
मनगटावर फुगलेली शीर,
पेरांवरच्या सुरकुत्या एकूण एक.
जागे झाल्यावर त्यांनी चष्मा लावला,
कागद लांब धरून पाहिला.
“झकास. पण हे कुठून आणलंस?”

करंगळीशेजारचं बोट.
मी तिसरीत असताना प्रेसखाली गेलेलं.
चौदा वर्षं तो हात
माझ्यासमोर भाकरी मोडतोय.

मी रबर घेतलं.
फोर-बी दाबून ओढलेली असली की
काळं जातं, कागदाला पडलेली खाच जात नाही.
दादा चहा टाकायला उठले होते,
आतून विचारत होते, साखर कुठे ठेवलीय.

सोमवारी सरांनी कागद उचलून
खिडकीकडे तिरपा धरला,
बराच वेळ.
“इथं एवढं का घासलंस?”
चुकलं होतं, सर.
“हं,” ते म्हणाले.
“मनगट जरा जाड झालंय.”