खोली

सन्मती मगदूम पावणेबाराला आला,
मिरजेच्या सिव्हिलमध्ये, स्वतःच्या पायांनी.
शर्टावर डाग पेरूच्या बीएवढा.
मागून भाऊ, भावाच्या हातात
ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेला
बर्फ फोडायचा टोच्या.

"काय न्हाई वो मॅडम, सुई टोचल्यागत झालंया.
रसाच्या गाड्यावर जरा बाचाबाची.
एक टाका घाला न् सोडा,
परवा बहिणीचं लगीन हाय."

डाव्या स्तनाग्राखाली दोन बोटं.
कडा मिटलेल्या,
चूक कबूल न करणाऱ्या तोंडासारख्या.
इंटर्न म्हणाला, एक टाका पुरे.
मीही सुई उचलली होती.

मग त्यानं पाणी मागायला मान वळवली
आणि मला ती शीर दिसली,
जबड्यापर्यंत तट्ट फुगलेली.
बसलेल्या माणसाची शीर अशी उभी राहत नाही.

रक्तदाब नव्वद. पुन्हा घेतला, ब्याऐंशी.
नाडी श्वासागणिक बोटाखालून निसटत होती.
फुफ्फुसं दोन्हीकडे स्वच्छ वाजत होती.
हृदय होतं,
पण लांब,
पलीकडच्या गल्लीत कुणी उखळात कांडतंय
आणि मधली सगळी दारं लावलेली.

हा आवाज माझ्या ओळखीचा.
पुराच्या साली, सांगलीत, गावभागात,
आयर्विनच्या पट्टीवरचे आकडे एकेक बुडत गेले
तेव्हा परसातल्या खोलीत काका अडकला होता.
दार बाहेर उघडणारं,
बाहेर छातीइतकं पाणी.
काका आतून धडका मारत होता.
पाणी काहीच करत नव्हतं,
नुसतं उभं होतं.
धडका लहान होत गेल्या.
शेवटी आम्ही वर चढलो, कौलं काढली.

हौसाक्कांनी सोनोग्राफीचं मशीन ढकलत आणलं,
एक चाक कुरकुरणारं.
जेलनं तो शहारला, म्हणाला, बर्फच की.
पडद्यावर हृदयाभोवती काळी पट्टी.
काळं म्हणजे पाणी.
इथं पाणी म्हणजे रक्त.
आणि आत उजवा कप्पा
उघडायला बघत होता, चेपत होता,
उघडायला बघत होता.

शिरगुप्पे सरांना झोपेतून उठवलं.
"टाका नाही सर, छाती उघडायचीय."
पलीकडे एक क्षण शांतता, मग चपलांचा आवाज.

"आवं पर रगात तर आलंच न्हाई,"
स्ट्रेचरमागं पळत भाऊ म्हणाला.
तेच तर, म्हणायचं होतं मला.
बाहेर आलं असतं
तर चाललं असतं.

दीड वाजता पोलिसांचा कागद समोर.
जखमेची लांबी: अर्धा सेंटिमीटर.
रुंदी: त्याहून कमी.
खोली:

पेन तिथं थांबलं.
टेबलावर वर्तमानपत्र वाळत होतं,
थिएटरचा लाल दिवा चालूच.
भाऊ दाराला हात लावून उभा,
ढकलू का, विचारत होता.

थांब, म्हटलं.
ते बाहेर उघडतं.