चालून राहिली

पाचपावलीच्या महापालिका शाळेत
अकरा संगणक, त्यातले सात सुरू होणारे,
आणि एक कूलर. त्यात पाणी घालायची पाळी कोणाची
ते फळ्यावर हजेरीच्याही वर लिहिलेलं.

मे महिना, उन्हाळी वर्ग.
पडद्यावर मी रंगीत ठोकळे दाखवते:
पिवळ्याची पाठ गोल, त्याच्या डोक्यावर कोणी बसत नाही,
निळ्याला वर खाच, खाली दात.
टाइप काही करायचं नाही.
ओढा, आणा, सोडा.
नीट बसला की टक्क वाजतं.

मांजर दहा पावलं चालली
आणि उभी.
"म्याडम, थांबली काऊन?"
दहाच सांगितली होती ना, म्हणून.

मग मी केशरी ठोकळा आणला,
जबडा उघडा टाकलेला,
बाकीच्यांना पोटात घेणारा.
त्याच्यावर लिहिलं होतं: सतत.
सतत म्हणजे, मी म्हणाले, अखंड.
अविरत. निरंतर.
सातही पडद्यांमागे चेहरे कोरे.

शेवटच्या संगणकावर उपासना रामटेके.
बाप मार्च ते मे घरोघरी कूलरला खस भरतो,
त्यापुढचं ती सांगत नाही.
शेजारच्या मुलाकडे वळून म्हणाली,
"सोपं तर आहे बे.
मांजर चालली, म्हणजे चालली, झालं.
अन् मांजर चालून राहिली
म्हणजे कोणी थांबवत नाही तोवर चालूनच राहिली."

टक्क.
आख्ख्या वर्गात बसला ठोकळा.

मी साताऱ्याची. लग्न करून इथं आले
त्याला अकरा वर्षं झाली.
अकरा वर्षं लाल पेनानं
मी हे "राहिली" खोडत आले.
जेवून राहिलो: चूक. जेवतो आहे.
पाऊस येऊन राहिला: चूक. गोल, शेरा, अर्धा गुण वजा.
मुलं वही परत नेत आणि मैदानात जाऊन
खेळून राहत.

तीन वाजता लाइट गेली.
कूलरचा पंखा हळू होत होत
पात्या मोजता येतील इतका झाला.
"कोराडीला वीज बनून राहिली,
अन् आपल्याकडची जाऊन राहिली," कोणीतरी म्हणालं,
आणि मी हसले, चूक न काढता.

लाइट आली तेव्हा उपासनाची मांजर गेलेली.
सेव्ह करायला मीच सांगितलं नव्हतं.
तिनं पुन्हा रचली, यावेळी माझ्याकडे न बघता,
हिरवा झेंडा दाबला.
मांजर पडद्याच्या कडेला जाऊन भिडली,
अर्धं अंग बाहेर, शेपटी आत,
पाय हलतच होते.
"अडकली गं," मी म्हणाले.
"अडकली नाही म्याडम."
पुढचं ती बोलली नाही. मला कळलं.

जूनच्या शेवटी शाळा भरली. पहिला निबंध: माझे बाबा.
पंचेचाळीस वह्या, टेबलाखाली पाय पसरून.
रामटेकेच्या वहीत तिसरी ओळ:
"माझे बाबा आता दुसरं काम शोधुन राहिले."

धु दीर्घ केला.
पुढच्या शब्दाला हात लावला नाही.