भौतिक अवस्था कायम असताना

कुताइसीच्या तांत्रिक शाळेत त्या हिवाळ्यात
हातमोज्यांची बोटं कापून आम्ही प्रयोग करायचो.
वीज असायची दोन ते चार.
त्सिआला बाईंनी साठ वॉटचा बल्ब पुढे केला:
ओतिया, मोज याचा रोध.

मीटर म्हणाला, अठ्ठावन्न ओहम.
दोनशेवीस भागिले अठ्ठावन्न,
मी पाटीवर लिहिलं: पावणेचार अँपिअर, वर थोडं.
मग लाव बघू.
लावला. सुई हलली
आणि पाव अँपिअरच्या जरा पुढे जाऊन बसली,
माझ्या भागाकाराशी तिची जणू ओळखच नव्हती.

बाई, नियम खोटा आहे.
मागच्या बाकावर गुरामने टाळी वाजवली.

नियम म्हण.
मी म्हटला, घडाघडा.
पहिले चार शब्द गिळलेस.
भौतिक अवस्था कायम असताना.
कोणाची असते रे?
तार तापते, तिचे अणू थरथरायला लागतात,
मोकळ्या वाटेत कोपरं लागतात.
अठ्ठावन्नाचे आठशे होतात, उजेड पडतो.

मग त्या खिडकीकडे वळून म्हणाल्या,
तसा तुझा भागाकार चुकला नव्हता.
एका क्षणापुरता तो खरा होता.
बटण दाबल्या दाबल्या, तार गार असताना,
ते पावणेचार खरंच आत घुसतात.
म्हणून बल्ब जळता जळता क्वचित जातो.
जातो तो लावताना.

चार वाजले. वीज गेली.
मीटर बॅटरीवरचा; बाईंनी बल्ब त्याला जोडला,
आणि खिडकीतल्या उरल्यासुरल्या उजेडात आम्ही पाहिलं,
सुई अठ्ठावन्नाकडे परत निघालेली,
आधी पळत, मग रेंगाळत.

मार्चमध्ये त्यांचा नवरा पिरिअसच्या गोदीतून आला.
सात वर्षांनी. पत्रं पहिली दोनच वर्षं.
समोरच्या जिन्यावरून आम्ही बघत होतो, भांडण होणार म्हणून.
तो दारात, दोरीने बांधलेली सूटकेस,
तोंड उघडलेलं.
बाईंनी त्याच्यासमोर तळहात धरला.
आधी हात शेक, म्हणाल्या.
स्टोव्ह. चहा. पुन्हा चहा.
तासभर खोलीतून आवाज नाही.
गुराम कंटाळून घरी गेला.

मी थांबलो.
रिओस्टॅट कसा फिरवायचा
ते मला त्यांनीच शिकवलं होतं:
शून्यापासून,
आणि डोळे सुईवर.