उत्तरांची पानं

कोमोदोरोच्या पेट्रोल पंपावर आईने पुस्तक घेतलं,
बहात्तर भूलभुलैये, अकरा 'फरक ओळखा',
आणि मागची उत्तरांची दोन पानं
तिथल्या तिथे टरकन फाडून
थर्मासखाली घातली.
"गायेगोस येईपर्यंत कुणी मागायची नाहीत."

रस्ता सरळ. इतका सरळ
की आई गुडघ्याने स्टिअरिंग धरून
भोपळ्याच्या पेल्यात माते ओतायची.
दोन्ही अंगांना तारेचं कुंपण,
कुंपणापलीकडे नुसतं गवत आणि वारा.
मग कुंपण कशाला, एलिसेओने विचारलं.
वाऱ्याला अडवायला, आई म्हणाली.
तो हसला नाही. तो पान चौदावर होता.

पान चौदा: पेंग्विनला समुद्रापर्यंत पोचवा.
दर खड्ड्याला पेन्सिल उडायची,
भिंत ओलांडायची,
आणि तो इमानदारीत मागे यायचा,
थुंकी लावून लावून खोडायचा,
कागद विरत चालला तरी.
मी त्याच्या कानात सांगितलं,
शेवटाकडून सुरू कर, समुद्राकडून.
त्या बाजूने चुकायला कमी होतं.
"पण मग पेंग्विन समुद्राला जाणारच नाही.
घरी परत येईल."
रेघ तर तीच ना, मी म्हटलं.
"नाही."
आरशात आईचे डोळे आमच्यावर आले
आणि परत रस्त्यावर गेले,
जिथे बघण्यासारखं काहीच नव्हतं.

घराची किल्ली शेजारच्या नेलिदाकडे दिली होती.
कुत्रा मामाकडे. गॅस बंद.
बाबांसाठी चिठ्ठी ठेवली होती की नाही
मला ठाऊक नव्हतं, आणि मी फरक ओळखत होते:
डावीकडच्या चित्रात टेबलाशी चार खुर्च्या,
उजवीकडे तीन.
गोल केला. हा सोपा होता.
बाकीचे सहा मला आजपर्यंत सापडले नाहीत.

सान हुलियानच्या अलीकडे
रस्त्याच्या मधोमध ग्वानाको,
लांब मानेचा, कशातच रस नसलेला.
आईने दोन्ही पायांनी ब्रेक मारला.
गाडी तिरकी झाली, थांबली,
इंजिन बंद पडल्यावर
वारा किती मोठा आहे ते कळलं.

"कुणाला लागलं?"

मी नाही म्हटलं.
एलिसेओ पुस्तकाकडे बघत होता.
घरापासून निघालेली जाड काळी रेघ
एकामागून एक सगळ्या भिंती चिरत
थेट समुद्रात गेली होती, आणि थोडी पुढे
माझ्या गुडघ्यावरसुद्धा.
खोडरबर त्याच्या मुठीतच होतं.
त्याने पान उलटलं.
"पोचला," तो म्हणाला, कुणालाच नाही.

ग्वानाको सावकाश कुंपणाकडे गेला,
उभ्या उभ्या उडी मारून पलीकडे.
पुढे थर्मास आडवा झाला होता,
सीटवरून वाफ निघत होती,
आणि आई, ओठ घट्ट मिटून,
उत्तरांच्या पानांनी
पाणी पुसत होती.