साडेसातशे

तौनो कॅर्प्पा फेब्रुवारीत आला, फोन न करता,
ट्रेलरवर चौसष्टची इम्पाला, तिच्या टपावर वीतभर बर्फ.
"कार्ब्युरेटर काढून इंजेक्शन बसवलंय," म्हणाला,
"चालते झकास. उभी राहिली की धापा टाकते."
एवढंच. सुओमुस्साल्मीत एवढं म्हणजे पुष्कळ झालं.
त्याची बहीण आणि मी वेगळे होऊन तीन हिवाळे झाले,
त्याबद्दल अवाक्षर नाही.

बाहेर उणे बावीस. शटर ओढलं,
धुराची नळी भिंतीतल्या भोकातून बाहेर काढली,
आणि चावी फिरवली.
सहाशे. अकराशे. पुन्हा सहाशे.
मध्यरात्री कुणी जिना चढावा, काय आणायचं ते विसरून
उतरावा, आणि परत चढावा, तसं.

मी लॅपटॉप उघडला. आकडे दिसले
की मला उगाच हुशारी चढते.
ठिणगी चार अंश पुढे घेतली, दोन अंश मागे.
पेट्रोल वाढवलं, तर डोळे चुरचुरले,
आणि सेन्सर म्हणे, अजून घाल, उपाशी आहे बिचारी.
कॅमशाफ्ट तिचा दांडगा;
दोन्ही झडपा क्षणभर एकदमच उघड्या राहतात,
न जळलेली हवा तशीच निसटते.
सेन्सर काही खोटं बोलत नाही,
नाकाशी जे येतं तेवढंच सांगतो.

आणि ती ओढाताण:
फेरे पडले की हवेची मोटर दार उघडते,
तेवढ्यात ठिणगीही मदतीला धावते,
इंजिन उसळतं, दोघी दचकून मागे ओढतात,
ते बसतं, दोघी पुन्हा धावतात.
सेकंदाला वीस दुरुस्त्या.
एकेक दुरुस्ती बरोबर.
बेरीज चूक.
मला एक स्वयंपाकघर आठवलं,
भांडी कशी लावायची, पडदा किती उघडा ठेवायचा.
मी पुढची कळ दाबली.

तौनोनं मात्र बागेच्या नळीचा हातभर तुकडा घेतला,
एक टोक कानाला, दुसरं इंजिनावर फिरवत
वाकला, लाकडाचे ट्रक चालवून वाकडी झालेली पाठ घेऊन.
डिस्ट्रिब्युटरच्या मागे थांबला.
"इथं," म्हणाला.
रबराचं टोपण. बोराएवढं. तडकलेलं.
दीड तास मी त्या फटीशी
दशांश चिन्हांत वाद घालत होतो.

टोपण बदललं. मग थ्रॉटलचा स्क्रू पाव आटा आत;
हवेची मोटर नव्वद पायऱ्यांवर ताटकळली होती,
उतरत उतरत आठवर आली, हायसं वाटल्यासारखी.
चावी बंद. दहापर्यंत मोजलं. चावी चालू.
पट्टी हलवली, की शून्य कुठे आहे
ते यंत्राला नव्यानं दाखवावं लागतं.
शेवटी दुरुस्तीचा वेग निम्मा केला,
निम्म्याचाही निम्मा.
पन्नास फेरे इकडेतिकडे झाले तर होऊ देत,
लगेच धावायचं नाही.

आठशे दहा. सातशे तीस.
साडेसातशे.
साडेसातशे.
एअर फिल्टरवर कॉफीचा कप ठेवला:
कडेशी बारीक सुरकुत्या, मधे काळं, स्थिर.
कॅमचा तो जुना लचका होताच, ठेक्यात होता.

आम्ही उभे. कुणी कशाला हात लावला नाही.
मिनिटाला साडेसातशे फेरे,
आणि गाडी जागची हलत नाही.

बऱ्याच वेळानं, इंजिनाकडे बघतच, तौनो म्हणाला,
"सिर्क्कूनं कायानीत घर घेतलंय. तळं दिसतं."
"हं," मी म्हणालो.
मग थोड्या वेळानं, "बरं झालं."

टपावरचा बर्फ वितळून
फरशीवर ठिबकत होता,
इंजिनाच्या ठेक्याशी अजिबात न जुळता.