चॅनल तीन

टीव्ही हमदुलेचाचाचा.
म्हणजे आता खोलीचा. एकोणीस वर्षांनी
दाभोळला कायमचा परत निघताना चाचाने
इस्त्री विकली, कूलर विकला,
आणि याच्या फुगीर पाठीवर थाप मारून म्हणाला,
ह्याला कोण घेणार, तुम्हीच सांभाळा.
खिडकीच्या गजावर त्याची निळी चिकटपट्टी अजून आहे:
एरियल इथवर. याच्या पुढे नाही.

रास अल खैमा, ऑगस्ट.
काचांना बाहेरून घाम फुटतो.
अशा रात्री समुद्रापलीकडून
एक बाई यायची पडद्यावर, मुंग्यांमधून,
डोक्यावर रुमाल, हातात छडी, मागे नकाशा.
हवामान सांगत असावी.
गुलजमानला अर्धं कळायचं, अर्धं तो रचायचा:
"उद्या वारा. मच्छीमारांनो, घरी बसा.
गुलजमान, तुझी बायको बरी आहे."

चाचा म्हणायचा, हवा ओली असली
की चित्र पाण्यावरून चालत येतं.
मी हसायचो. मी फिटर माणूस,
पाइपातून येतं तेवढंच खरं मानणारा.

मग कळलं, जुनं प्रक्षेपण बंद होणार.
शुक्रवारी चौघे नखीलच्या बाजारात,
कुंजिमोनच्या काउंटरवर तीन डबे.
पहिला पंचेचाळीस दिरहम. शहाबुद्दीनने
भोपळा पारखावा तसा वाजवून पाहिला,
आत काहीच नाही म्हणाला.
दुसरा नव्वद, त्यात रेकॉर्डिंग होतं.
काय रेकॉर्ड करायचं, शिवदासनने विचारलं.
कोणालाच सुचेना.
तिसऱ्यावर धूळ.

टीव्हीच्या मागे काय आहे? कुंजिमोन म्हणाला.
पिवळं, लाल, पांढरं भोक आहे का?
आम्ही एकमेकांकडे पाहिलं.
सहा वर्षं त्याच्या पुढ्यात जेवलो,
पाठ कोणी बघितली नव्हती.
शहाबुद्दीन सायकलवरून गेला. फोन आला:
भोक एकच, एरियलचं.
आणि एक पाल.

मग तिसराच.
जुन्या भोकात जुनीच वायर, टीव्ही चॅनल तीनवर
ठेवायचा आणि विसरायचं. पुढचं सगळं डबा बघतो.
एकशे दहा. हा हल्ली कोणी नेत नाही,
कुंजिमोन धूळ पुसत म्हणाला,
आणि आपणहून पाच सोडले.

डब्याने आल्या आल्या विचारलं: देश निवडा.
रिमोट फिरला हातोहात.
यादीत आमच्यापैकी कोणाचाच नव्हता.
जिथे बसलो होतो तोही नव्हता.
शेवटी शिवदासनने पट्टी उभी होती तिथेच
ओके दाबलं. जर्मनी.

आणि चित्र असं आलं
की बातम्या देणाऱ्याच्या टायची वीण मोजावी.
त्याच्या कपाळावरची पावडरसुद्धा.
आम्ही अर्धा तास वाळवंटातली उंटांची शर्यत
तोंड उघडं टाकून पाहिली,
जसे काही उंट आम्ही पाहिलेच नव्हते.
मुंग्या नाहीत, माणसामागे माणसाची सावली नाही.
एक तर लख्ख दिसतं,
नाहीतर निळा पडदा: सिग्नल नाही.
मधलं काही उरलेलं नाही.

गुलजमानने सगळे चॅनल एकदा खालून वर,
एकदा वरून खाली फिरवले.
मग ताट उचलून नळाकडे गेला.

चाचाला फोन लावला. घरी साडेदहा,
इथे नऊ, डब्यावर हिरव्या आकड्यांत सात.
केवढ्याला पडला, विचारलं त्याने. मग म्हणाला,
पट्टी काढली नाहीत ना?
नाही म्हणालो.
काढू नका.
आता तिचा उपयोग काय, हे मी विचारलं नाही.

रात्री सिग्नल गेला.
भिंती निळ्या, चारही खाटा निळ्या.
काचेवरून पाणी ओघळत होतं.
बंद करावा म्हणून रिमोट चाचपडतोय
तोच अंधारातून कोणीतरी हळू आवाजात म्हणालं,
उद्या वारा.
मच्छीमारांनो, घरी बसा.

गुलजमान तर रात्रपाळीला गेला होता.