नकाशाचा काळा भाग

एडविनच्या मामाने मस्कतहून आणलेलं पुस्तक
एका रात्रीपुरतं मिळालं होतं.
जामनेर रोडच्या झेरॉक्सवाल्याने
घाईत झाकण नीट दाबलं नाही,
म्हणून नकाशाची उजवी बाजू
आली ती सगळी काळी.
आणि एक्केचाळीस ते छप्पन्न पानं
आलीच नाहीत.

मे महिना. भुसावळ. सत्तेचाळीस.
लोको शेडमागच्या क्वार्टरमध्ये
कूलरच्या ओल्या वाळ्याचा वास,
आम्ही पाचजण, एक पितळी परात
आणि वीस बाजूंचा एकुलता एक फासा,
लाल, कोपऱ्यावर टवका उडालेला.
खेळ चालवणाऱ्याला आम्ही स्टेशनमास्तर म्हणायचो.
आमच्या माहितीत त्याहून मोठा
हुद्दाच नव्हता.

पश्चिमेला पुस्तकातलं सगळं होतं:
बर्फाचे कडे, लांब कानांचे लोक,
ज्यांची नावं घेताना
अल्ताफ तडवीची जीभ दर वेळी रुळावरून घसरायची.
दोन आठवडे टिकलो तिथे.
मग हेमराज, आमचा मास्तर, मूळचा पारोळ्याकडचा,
काळ्या भागावर बोट ठेवून म्हणाला,
"हाई काय शे?"

"काळी जमीन," कुंदन झोपे म्हणाला.
"अजून काय असणार भो?"

झालं.

तिथून एक नदी निघाली,
मावळतीकडे वाहणारी. नद्या तिकडेच जातात
हे आम्हाला लहानपणापासून माहीत होतं.
उन्हाळ्यात जमिनीला भेगा पडायच्या,
त्यांत कुणाचं नाव पडलं
तर काढायला सात दिवसांची मुदत.
केळीच्या बागेत ड्रॅगन,
पाण्याची पाळी असेल त्याच रात्री जागा होणारा.
वेशीवरचे राक्षस जकातीत वांगी घ्यायचे,
हिरवी, बामणोदकडची असतात तशी,
आणि तोलताना काटा मारायचे.

उल्का, माझी धनुर्धारी, तिथेच मेली.
फाशावर एक पडला, बस्स.
रात्री ताटावरून उठले तेव्हा
आईने विचारलं, कोण गेलं गं?
काय सांगणार होते.

बत्तीस वर्षं झाली.
मी बँकेत ताळेबंद तपासते,
दोन रुपयांचा फरक सापडेपर्यंत उठत नाही.
अल्ताफचा रावेरला दवाखाना आहे.
एडविन पर्थला, मोबाइलच्या पडद्यातून येतो,
परातीत काय पडलं ते त्याला दिसत नाही,
आवाजावरून ओळखतो.
कुंदन चार वर्षांपूर्वी गेला.
त्याचा भालदार खांबदेव
अजून नदीकाठच्या सराईत झोपलेला आहे.
दर मे महिन्यात कुणीतरी विचारतं, उठवायचा का?
हेमराज वहीत पाहतो.
"राहू द्या. भाडं भरलेलं आहे."

यंदा भाच्याने पुण्याहून ते पुस्तक आणून दिलं,
पूर्ण, रंगीत, जाड कागदाचं.
मी रात्री एकटीने एक्केचाळिसावं पान उघडलं.

उजवीकडे समुद्र होता.
नुसता समुद्र.
होडीसुद्धा काढलेली नव्हती कुणी.

बत्तीस वर्षं आम्ही पाण्यात नांगर धरला होता,
भेगांतून नावं काढली होती,
उल्काच्या समाधीला दरसाल चुना दिला होता.
हा फरक कुठल्या खात्यात टाकायचा
मला कळेना.

पुस्तक भुसावळला नेलं, परातीशेजारी ठेवलं.
हेमराजने चष्मा वर सारून
तो निळा भाग बराच वेळ पाहिला.
पान मिटलं.
पाण्याचा ग्लास त्याच्यावरच ठेवला.
मग वही उघडून, त्याच्या त्या घोषणेच्या आवाजात:

"मध्यरात्र. सराईचं दार कुणीतरी वाजवतंय.
परका माणूस. कपड्यांना मीठ लागलेलं.
म्हणतो, मी समुद्र शोधत आलोय,
तो इथेच कुठेतरी असायला हवा होता."

कूलर घरघरत राहिला.
पर्थकडून काहीच आवाज नाही.

अल्ताफने फासा उचलला, परत खाली ठेवला.
"आधी विचारा त्याला," तो म्हणाला,
"वेशीवर वांगी दिली का?"